एकोणतीस नंबरची जागा

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी माझ्या फोननं मला कळवलं की मी पुसलेल्या एकोणचाळीस जागा आज रात्रीपर्यंतच परत मिळू शकतील, त्यानंतर त्या कायमच्या जातील. खाली दोन बटणं होती, ‘परत घ्या’ आणि ‘असू द्या’. मी तेव्हा कचेरीच्या खानावळीत लग्मानच्या शेवयांच्या वाडग्यावर वाकलो होतो आणि समोर बसलेली ल्युदमिला पेत्रोव्ना तिच्या मांजरीच्या दुखण्याची हकिगत सांगत होती. असल्या सूचना दिवसातून पन्नास येतात. अंगठा सवयीनं ‘असू द्या’कडे गेलाही होता. पण एकोणचाळीस हा आकडा मला मोठा वाटला. पुसताना मी मोजलं नव्हतं. रविवारी बटण दाबलं तेव्हा दहाबारा असतील असं धरून चाललो होतो, आणि आता कळत होतं की मी एका दाबात एकोणचाळीस ठिकाणं उडवली होती, तीही माझी नव्हेत, वडिलांची. अंगठा तसाच अधांतरी राहिला. ल्युदमिला पेत्रोव्ना म्हणाली, ‘कुणी गेलं की काय?’ मी म्हटलं, ‘नाही, यंत्राचं काहीतरी आहे.’ ती पुन्हा मांजरीकडे वळली. मी मात्र उगाचच तो आकडा पुन्हा वाचला. उगाचच, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं. मला हे नेहमी होतं, गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, आणि दर वेळी गॅस बंद असतो आणि कुलूप लावलेलं असतं.

रविवारी आमच्या इमारतीखालच्या अंगणात, वडिलांच्या जुन्या गाडीत, मी आणि धाकटा भाऊ बेइबारस बसलो होतो. तो आमच्या आयागोझ गावाहून आपाला न्यायला आला होता. आपा, म्हणजे आमची आई, हिवाळाभर माझ्याकडे अल्माटीत होती. आता वडिलांचं वर्षश्राद्ध शनिवारी गावी होतं, घोडं कापायचं होतं, दोनशे माणसं जेवायची होती, आणि ती नसली तर सुना मीठ विसरतील अशी तिची खात्री होती. मी बायकोमुलांना घेऊन गुरुवारच्या गाडीनं निघणार होतो. तर गाडीच्या पुढच्या काचेला, रबरी चोषकांवर चिकटवलेलं, उन्हानं विटलेलं, पोलिसांचे वेग मोजणारे कॅमेरे आधीच ओळखणारं वडिलांचं रडार डिटेक्टर होतं, आणि बेइबारसचं त्याच्याशी जमत नव्हतं. ‘आगा, आधी ह्याचं तोंड बंद करा,’ तो म्हणाला. ‘आयागोझहून इथवर येताना डोकं उठवलंय ह्यानं. कॅमेरा नाही, पोलीस नाही, नुसतं माळरान नि कबरस्तानं, आणि हा आपला प्रत्येक ठिकाणी टिंग टिंग. आणि जिथं खरा कॅमेरा होता तिथं ढिम्म. दोन दंड बसले मला.’ मी म्हटलं, ‘तू गाडी कमी वेगानं हाक ना.’ ‘ते तर कोकेही सांगायचे,’ तो म्हणाला; वडिलांना आम्ही कोके म्हणायचो. ‘यंत्रही त्यांच्यासारखंच आहे. नको तिथं उपदेश, आणि गरज पडेल तेव्हा गप्प.’ मग आम्ही दोघं हसलो, आणि हसता हसता दोघांनाही आठवलं की कोके आता नाहीत, आणि तो काच पुसायला लागला.

मला असली कामं आवडतात, हे कबूल केलं पाहिजे. माझ्या नि बेइबारसच्या फोनवर एकाच खात्यानं अॅप उतरवलं, ब्लूटूथ चालू केला, यंत्राच्या पाठीवरचा अंक घातला. यंत्रानं दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा हळूच हुंकार दिला आणि फोनवर हिरवी खूण आली. मग नव्या कॅमेऱ्यांची यादी उतरायला पाऊण तास लागला. तेवढ्यात बेइबारसनं दोन सिगरेटी ओढल्या आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आपानं तीनदा विचारलं की झालं का. शहरातली दुकानांची आपोआप उघडणारी दारंही ह्या यंत्राला पोलीस वाटतात, ते गाळायचं सांगितलं. आवाज बाईचा ठेवला. महामार्गावर मर्यादेच्या वर दहा गेलं की बोल, शहरात पाच गेलं की बोल, असं ठरवून दिलं. आणि सगळ्यात शेवटी ‘तुमच्या जागा’ नावाची यादी दिसली. वडिलांनी हातानं बटण दाबून ठेवलेल्या जागा. नावं नव्हती, नुसते नंबर. मी नकाशावर पहिली उघडली, कबरस्तान. पाचवी उघडली, कबरस्तान. मधली कुठलीतरी उघडली, तीही तेच, उघड्या माळावर कुंपण आणि दोन मातीचे घुमट. ‘कोकेंनी कबरींना कॅमेरे समजून ठेवलंय की काय?’ बेइबारस म्हणाला. मला त्यातलं कळलं. आमच्याकडे रस्त्यात कबरस्तान आलं की गाडी हळू करतात, दुव्याचे दोन शब्द म्हणतात आणि दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवतात. वडील तेव्हा सुकाणू गुडघ्यांनी धरायचे. म्हाताऱ्यानं रडारला हे काम लावलं होतं, मेलेल्यांची आठवण करून द्यायचं. मला गंमत वाटली. आणि मग, मी जे रोज कचेरीत करतो तेच केलं. मी शहराच्या नकाशांच्या कचेरीत आहे. माझं काम म्हणजे नकाशातला कचरा काढणं, दोनदा पडलेले ठिपके, पाडलेल्या इमारती, कुणी गमतीनं टाकलेली नावं. ज्याचा खुलासा नाही ते जातं. ‘सगळ्या पुसा.’ खात्री आहे का, असं त्यानं विचारलं, आणि मला नेहमीप्रमाणे खात्री होती. ‘झालं,’ मी म्हटलं, ‘आता हा फक्त जिवंत पोलिसांवर ओरडेल.’

हे सगळं आठवत मी लग्मान अर्धवट टाकून वर टेबलाशी येऊन बसलो. संगणकावर मोठ्या पडद्यावर ती यादी उघडली. म्हटलं, नुसतं बघू. परत घ्यायच्या की नाही हे मग ठरवू. वडिलांच्या आठवणीखातर परत घेतल्या तर बेइबारस चिडेल, नाही घेतल्या तर मला बरं वाटणार नाही, असा तो साधा प्रश्न होता. एक नंबर, तालदिकोर्गानच्या अलीकडचं मोठं कबरस्तान, ज्याचे घुमट लहानपणी मला एखाद्या गावासारखे वाटायचे आणि मी विचारायचो की ह्या गावात दिवे का नाहीत. दोन नंबर, तीन नंबर. सारकांद. एका टेकडीवर एकटीच कबर, कुणा धनिकाची की कुणा सैनिकाची ह्यावर वडील आणि त्यांचे मित्र साबिरबेक वर्षानुवर्षं वाद घालत. मी एकेक ठिपका उघडत गेलो आणि मला हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली, जी रविवारी दिसली नव्हती. प्रत्येक ठिपका कबरीवर नव्हता. कबरीच्या चारशे पावलं अलीकडे होता. जणू माणसाला आधी कळायला हवं होतं. पण आमच्या माळरानावर घुमट दोन मैलांवरून दिसतात. चारशे पावलांवरून सांगायची गरज कुणाला पडेल?

ज्याला दिसत नाही त्याला. मी खुर्चीत मागे टेकलो. वडिलांनी हे यंत्र घेतलं तेव्हा आख्ख्या गल्लीनं त्यांची टर उडवली होती. जन्मात ऐंशीच्या वर गाडी न नेलेला माणूस, एकतीस वर्षं बस चालवून एकही दंड न भरलेला, म्हातारपणी रडार घेतो म्हणजे काय. साबिरबेक म्हणाले होते, ‘तेमिरगाली, तुला पोलीस पकडतील ते पेंगताना पकडतील, पळताना नाही.’ वडील नुसते हसले होते. मीही हसलो होतो. आता मला त्यांचा चहाचा वाडगा आठवला, तो ते टेबलावर ठेवताना आधी बोटानं टेबलाची कड चाचपायचे. औषधाची चिठ्ठी माझ्याकडे द्यायची आणि म्हणायचं, ‘वाच, तुझं अक्षर-ज्ञान बघू.’ माझी मुलगी फाटकातून हात हलवत होती आणि ते सरळ पुढे निघून गेले होते, तेव्हा ती रडली होती आणि मी तिला सांगितलं होतं की आजोबा विचारात होते. विचारात कसले, त्यांना दिसत नव्हतं. मोतीबिंदू असेल, आणखी काही असेल. परवाना जाईल म्हणून डॉक्टरकडे गेले नसतील. त्यांनी एका उन्हाळ्यात, थोडं दिसत होतं तोवर, दोन दिवसांत सगळ्या रस्त्याची उजळणी करून यंत्राला शिकवून ठेवलं होतं. तारखा तेच सांगत होत्या, अडतीस ठिपके जुलैच्या दोन दिवसांतले. मला त्यांची लाज वाटली नाही, माझीच वाटली. वर्षातून चार वेळा त्यांच्या शेजारी बसून मी त्या रस्त्यानं गेलो होतो आणि एकदाही त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं नव्हतं.

अडतीस. एक राहिली. एकोणतीस नंबरच्या जागेची तारीख वेगळी होती. आठ वर्षांपूर्वीचा एप्रिल, सकाळचे पावणेसहा. म्हणजे ही पहिली होती, बाकीच्या सगळ्या नंतरच्या. यादी रस्त्याच्या क्रमानं लावलेली असल्यामुळे ती मधे अडकली होती. मी ती उघडली. उशारालच्या पुढं, जुन्या रस्त्याचा जो तुकडा अजून नवा झालेला नाही त्यावर, सातशे एक्याण्णव किलोमीटरच्या दगडाजवळ. वरून काढलेल्या फोटोत कुंपण नव्हतं, घुमट नव्हता, दगडांचा ढीगसुद्धा नव्हता. तपकिरी माळ आणि रस्त्याला आडवी जाणारी एक बारीक रेघ. मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की नुसते चौकोन राहिले. माझं कामच हे आहे, वरून बघून ओळखणं, आणि मला काहीही ओळखू आलं नाही. ज्या माणसाला दिसत नव्हतं त्यानं कबरींची यादी करण्याआधी, सगळ्यांत आधी, ही एक जागा यंत्राच्या कानात सांगून ठेवली होती. कबरी ही नंतर सुचलेली भक्ती. मूळ काम हे होतं. आणि आता एप्रिल होता. आणि आपा नि बेइबारस आज सकाळी सहाला निघालेले, साडेबारा वाजले होते, म्हणजे ते उशारालच्या आसपास कुठंतरी होते, आणि बेइबारस मोकळ्या रस्त्यावर एकशे तीसच्या खाली येत नाही, कारण आता त्याचं रडार व्यवस्थित लावून दिलेलं आहे, त्याच्या हुशार भावानं.

मी फोन लावला. ज्याला फोन केला तो क्षेत्राबाहेर आहे, असं एका बाईनं कझाखमध्ये सांगितलं, मग रशियनमध्ये सांगितलं. उशारालच्या पुढं दीड तास फोन लागत नाही हे मला माहीत होतं, तरी मी सहा वेळा लावला. मग आपाला लावला. तिचा फोन तिच्या थैलीत तळाशी, रुमालात बांधलेला असतो, तो लागत असतानाही ती उचलत नाही. मी ‘परत घ्या’ही दाबून पाहिलं. एकोणचाळीस जागा परत आल्या, आणि खाली लिहून आलं, यंत्राची वाट पाहत आहे. एक बारीक वर्तुळ गोल गोल फिरायला लागलं. भावाच्या फोनला रेंज मिळेल तेव्हा त्याचं अॅप हे उतरवून घेईल, मग यंत्राला सांगेल. म्हणजे जिथं गरज आहे ते ठिकाण मागे पडल्यावर. मी त्या वर्तुळाकडे किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. मला वाटत होतं की मी नजर काढली तर ते थांबेल. हा माझा जुना रोग आहे. लहानपणी वडील रात्रपाळीच्या बसवर गेले की मी पांघरुणात मनातल्या मनात सगळी वळणं त्यांच्याबरोबर घ्यायचो, एखादं वळण चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. ते घरी यायचे आणि विचारायचे की पोराचे डोळे लाल का, आणि आपा म्हणायची की वाचतो फार.

साबिरबेक आगांना फोन लावला. ते आयागोझलाच असतात, वडिलांबरोबर सगळी हयात बस चालवलेली. चौथ्यांदा उचलला. ‘कोण? मुहित? अरे घोडं आलंय!’ ते ओरडले. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते सगळ्या जगाला बहिरं समजतात. ‘तीन बोटं चरबी आहे बघ फासळीवर, तीन बोटं! तुझ्या बापाच्या नावाला शोभेल असं. विकणारा दोन बोटं म्हणत होता, मी म्हटलं अरे मूर्खा, स्वतःच्या मालाला नावं ठेवतोस?’ मी म्हटलं, ‘आगा, ऐका. उशारालच्या पुढं एक जागा आहे...’ ‘काय उशाराल? घोडं उशारालचं नाही, आपल्या इथलं आहे!’ ‘रस्ता, आगा, रस्ता! सातशे एक्याण्णवच्या दगडाला काय आहे? कोकेंनी तिथं खूण केलीय. तिथं कुणाची कबर आहे का?’ मग ते हळू आवाजात बोलले, म्हणजे आता सामान्य माणसासारखं ऐकू आलं. ‘तुला कुणी सांगितलं? त्यानं घरी सांगू नको म्हटलं होतं.’ ‘काय आहे तिथं?’ ‘कोणी पुरलेलं नाही रे तिथं. तिथं पाणी पुरलंय. रस्त्याखालून नळ घातलाय, माझ्या मांडीएवढा. बर्फ वितळलं की ते पाणी त्यात मावत नाही, मग ते बाजूनं वाट काढतं नि खालची माती घेऊन जातं. वरनं डांबर जसंच्या तसं. भाकरीचा पापुद्रा बघ, वर फुगलेला, आत पोकळ. तुझ्या बापाचं पुढचं चाक गेलं होतं आत. चाळिसानं चालला होता म्हणून नुसतं नाक फुटलं. मीच ओढून काढला. बायकोला सांगितलंस तर गाडीला हात लावू देणार नाही म्हणाला.’ ‘आता कसं असेल?’ ‘आता? चार दिवस ऊन पडलंय. खड्डा बुजवतात दरवर्षी, पण दरवर्षी...’ ते थांबले. ‘का रे? तुझी आई कुठल्या रस्त्यानं येतेय?’

मला एवढंच आठवतं की ते ‘मुहित, मुहित’ म्हणत होते आणि मी फोन ठेवला. आणीबाणीच्या नंबरवर एक तरुण मुलगी होती, तिनं नीट विचारलं, ‘अपघात कुठं झाला?’ मी म्हटलं, ‘झालेला नाही.’ ‘मग?’ ‘होईल.’ मग मी तिला दगडाचा नंबर सांगितला, नळ सांगितला, वर डांबर नि खाली पोकळ हे सांगितलं, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी वेड्यासारखा ऐकू येतोय. पण ती भली होती. तिनं लिहून घेतलं, रस्तेवाल्यांना कळवते म्हणाली, गाडी पोचायला दीड तास तरी लागेल म्हणाली, आणि विचारलं की तुम्हाला कुणी जवळ आहे का. जवळ ल्युदमिला पेत्रोव्ना होती. तिनं माझ्यापुढे गोड चहा आणून ठेवला आणि काही न विचारता शेजारी बसून राहिली. मी तिला सांगितलं, ‘मी माझ्या आईला मारलंय.’ ती म्हणाली, ‘आधी चहा घ्या.’

एक वाजला, सव्वा वाजला. नकाशावर मी त्यांची गाडी मनानंच चालवत होतो. एकशे तीसनं धरली तर एक वाजून दहाला ती त्या जागेवरून गेली असणार. एकशे दहानं धरली तर एक वीसला. म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि मला ते माहीत नव्हतं, एवढाच काय तो प्रश्न उरला होता. हे कळल्यावर शांत वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण होईपर्यंत मी काहीतरी करत होतो, फोन करत होतो, आरडाओरडा करत होतो. आता मी फक्त असा माणूस होतो ज्याला बातमी अजून पोचलेली नाही. मला बेइबारस दिसत होता, एक हात सुकाणूवर, दुसऱ्या हातानं फुटाणे खात, गाणं लावलेलं. मागच्या बाकावर आपा, पांढऱ्या रुमालात, मांडीवर तळलेल्या बाउरसाक भाकऱ्यांचं गाठोडं. यंत्र गप्प. मी ज्याला गप्प बसायला शिकवलं ते यंत्र. मी त्याला कॅमेऱ्यांवर बोलायला शिकवलं होतं, दंडावर, म्हणजे माणसाला ज्यात फक्त पैसे जातात त्यावर. आणि ज्यात माणूस जातो तेवढं पुसलं होतं, कारण ते मला समजलं नव्हतं. असं किती पुसलं असेल मी ह्या पडद्यावर, ह्या बारा वर्षांत, खुलासा नाही म्हणून. एखाद्या चौकात कुणीतरी टाकलेला ठिपका, एखादं गमतीचं नाव. कुणी टाकलं, का टाकलं, हे विचारायला मी कधी फोन उचलला नाही. दीड वाजला, दोन वाजले. वर्तुळ फिरतच होतं. मी देवाशी बोलायचा प्रयत्न केला, पण मला शब्द पाठ नव्हते. आमच्या घरात ते काम आपाचं.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी वर्तुळ थांबलं आणि त्या जागी हिरवी खूण आली. यंत्राला एकोणचाळीस जागा मिळाल्या होत्या. खूण बघून मला आनंद झाला नाही, कारण फोन आणि यंत्र दोन्ही उलटलेल्या गाडीतही चालू राहू शकतात, आणि वाऱ्याबरोबर रेंजही कधी कधी येते. मी हे खरंच असं मनात म्हटलं, मग मला स्वतःची भीती वाटली. तेवढ्यात फोन वाजला. ‘आगा,’ बेइबारसचा आवाज, रागावलेला, जिवंत, ‘ह्या बाईला तुम्ही परत अल्माटीला घेऊन जा! मी हिला पुन्हा गाडीत घेणार नाही. आठ तासांचा रस्ता, नऊ तास होत आले नि अजून आयागोझ आलं नाही! तुमचं यंत्र गप्प बसवलं, हिला कोण बसवणार? प्रत्येक कबरीला, हळू कर. थांब. नीट म्हण. हे तुझे कोके करायचे, तू कर. सगळ्या पाठ आहेत हिला, सगळ्या! डोळे मिटून बसलेली असते आणि बरोब्बर आधी म्हणते, आता येईल.’ मी फोन कानाशी घट्ट धरला. ‘आगा? ऐकताय ना? आणि ऐका, एका ठिकाणी तर काहीसुद्धा नव्हतं. ओसाड. मी म्हटलं आपा, इथं कुणी नाही. तर म्हणे, तुझे कोके इथं सगळ्यांत जास्त हळू करायचे, कर. मी वैतागून विसावर आणली. चेहऱ्यावरून हात फिरवला, डोळे उघडतो तर पुढं रस्ता नाही. घोडं मावेल एवढं भोक, आगा. डांबरात. दहा पावलांवर.’ इथं त्याचा आवाज बदलला. ‘मी विसावर होतो म्हणून. मी तुम्हाला सांगतो, मी विसावर होतो म्हणून. अर्धा तास आम्ही तिथंच होतो, आपाचा रुमाल काठीला बांधला, मागच्या गाड्या थांबवल्या. मग रस्तेवाले आले, कुणीतरी कळवलं म्हणे.’

मी ‘हो’ एवढंच म्हणालो. मग पलीकडे ओढाताण झाली आणि आपाचा आवाज आला, नेहमीप्रमाणे फोनपासून लांब धरून, ओरडून. ‘मुहित, माझ्या शिंगरा, तुझं ते यंत्र अख्ख्या रस्त्यात तोंड उघडेना. म्हटलं त्यालाही तुझ्या बापाचं दुःख झालंय. आत्ता पाच मिनिटांपूर्वी एकदम रडायला लागलं.’ ‘आपा, मीच ते पुसलं होतं,’ मी म्हणालो. ‘कोकेंच्या सगळ्या खुणा. रविवारी. मला वाटलं कचरा आहे.’ ‘मला सांगायचंस ना आधी. मी पुढं बसले असते.’ तेवढंच. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ‘बरं, आता मला सांग,’ ती म्हणाली, ‘तू नकाशावाला आहेस, तुला ठाऊक असेल. त्या भोकापाशी कोण आहे? तुझ्या बापानं कधी नाव सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, तू म्हण, ज्याला पोचायचं त्याला पोचेल. आठ वर्षं मी ओळखदेख नसलेल्या माणसासाठी म्हणतेय. आणि आज त्यानं आम्हाला वाचवलं. शनिवारी जेवणाआधी सगळ्यांची नावं घेणार, तर त्याचंही घेऊ दे.’

मला एखादं नाव सांगता आलं असतं. कुणा प्रवाशाचं, कुणा मेंढपाळाचं. तिला बरं वाटलं असतं, आणि खोटं बोलून आईचं समाधान करणं हे आमच्या घरात वडिलांपासून चालत आलेलं होतं. पण आज दुपारी मला कुठल्याच नकाशावर खोटी खूण ठेवायची नव्हती. ‘तिथं कुणी नाही, आपा,’ मी म्हणालो. ‘कधीच नव्हतं. तिथला रस्ता दर वसंतात खचतो. कोकेंचं चाक गेलं होतं एकदा, तुला सांगितलं नाही, म्हणून ते हळू करायचे. त्यांना दिसत नव्हतं, आपा. डोळ्यांनी दिसत नव्हतं त्यांना.’ ‘ते मला ठाऊक होतं,’ ती म्हणाली. मागे ट्रक गेल्याचा आवाज आला आणि बेइबारस कुणालातरी चहा सांगत होता. मला वाटलं फोन तुटला. ‘कुणीच नाही?’ तिनं विचारलं, एकदम जवळून, ओरडल्याशिवाय. ‘कुणीच नाही.’ ‘म्हणजे जे तिथं पुरले जाणार होते, त्यांच्यासाठी म्हणत होते मी इतकी वर्षं,’ आपा म्हणाली. ‘मग बरोबर आहे. पोचलं त्यांना.’

तिनं फोन बेइबारसकडे दिला असावा, कारण तो ‘आगा, आगा’ म्हणत होता. मी कचेरीत, भर दुपारी, सगळ्यांसमोर रडत होतो, आणि ल्युदमिला पेत्रोव्ना माझ्या हातातून फोन काढून घेऊन त्याला रशियनमध्ये सांगत होती की सगळं ठीक आहे, गाडी हळू चालवा.